सभिक आणि धूर्तमंडल : द्यूतगृहांतील उपद्रवी खेळाडूंच्या बंदोबस्ताविषयीं कांहीं विचार

स्मृतिग्रंथांच्या पोथ्या जमविणाऱ्या मंडळींचें लक्ष बहुधा दायविभाग, ऋणादान, सीमावाद या प्रकरणांकडे लागलेलें असतें. जुन्या तंट्यांचे कागद वाचतांना या प्रकरणांचा पदोपदीं उपयोग होतो, तेव्हां तें स्वाभाविकच आहे. मनूच्या अठरा व्यवहारपदांत अगदीं शेवटीं बसविलेलें द्यूतसमाह्वयाचें पद मात्र सहसा कोणी उघडीत नाहीं; उघडलेंच तर फांसे आणि कोंबड्यांच्या झुंजी यांविषयींची गंमत म्हणून चाळून सोडतात. वास्तविक या थोड्या श्लोकांत एका जुन्या व अवघड प्रश्नाचा विचार आहे. ज्या माणसाच्या येण्यावर आपलें घर चालतें तोच उद्दाम झाला, खोटें खेळूं लागला, हरल्यावर देणें बुडवूं लागला, तर घराच्या मालकानें काय करावें? पोकर नांवाच्या पत्त्यांच्या खेळाचे अड्डे परदेशांत चालतात, त्यांच्या मालकांपुढें हाच प्रश्न आजही उभा असतो. रोजचा गडी हांकलावा तर मेज रिकामें पडतें. ठेवावा तर नवे लोक येईनासे होतात. आमच्या शास्त्रकारांनीं हा पेंच ओळखला होता, आणि त्याचें मूळ मालकाच्या मिळकतींतच आहे हेंही त्यांतील निदान एकास पक्कें कळलें होतें, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्द पाहूं. द्यूतशाळेचा मालक तो सभिक. खेळणाऱ्यांस बसावयास जागा, फांसे व इतर साहित्य जो पुरवितो आणि त्यापासून येणाऱ्या द्रव्यावर उपजीविका करितो तो सभिक, असें त्याचें लक्षण विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत केलें आहे. कल्याणीचा चालुक्य सहावा विक्रमादित्य (इ. स. १०७६ ते ११२६) याच्या आश्रयास असलेल्या या टीकाकाराचा ग्रंथ महाराष्ट्रांत पुढें शतकानुशतकें प्रमाण मानला गेला, म्हणून मुख्यतः त्याचाच आधार येथें घेतों. खेळणारा तो कितव, अक्षदेवी किंवा धूर्त. अमरकोशांत हे शब्द एका रांगेनें पर्याय म्हणून येतात. ‘धूर्त’ आणि ‘कितव’ या दोहोंचा अर्थ लबाड असाही होतो, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. नित्य खेळणारा आणि नित्य फसविणारा यांस भाषेनेंच निराळीं नांवें दिलीं नाहींत. अमरसिंहानें याच्या लगत जामिनाचे शब्द घातले आहेत, तो केवळ योगायोग असेल असें मला तरी वाटत नाहीं.

आपस्तंबधर्मसूत्रांतील सभा निराळ्या काळची दिसते. तेथें सभेच्या मध्यभागीं खेळाची जागा खणून, पाणी शिंपडून सिद्ध करावयाची, बेहड्याचे फांसे सम संख्येनें मांडावयाचे, आणि खेळणारे आर्य, शुचि व सत्यशील असावयाचे. म्हणजे उपद्रवी माणसाचा बंदोबस्त दारांतच! उपाय उत्तम खरा. परंतु खेळावर पोट भरणारा मालक एकदां मध्यें आला कीं दाराशीं निवड करणारा कोणी उरत नाहीं. मनूनें तर द्यूत राज्यांतूनच बंद करावें व कितवांस नगराबाहेर घालवावें असें सांगून प्रश्न मुळापासून तोडला. बृहस्पतीनें हा मतभेद मोकळेपणानें नमूद केला आहे : मनूनें निषेध केला, इतरांनीं राजाचा वांटा ठेवून मोकळीक दिली. मोकळीक देण्याचें कारण याज्ञवल्क्य व बृहस्पति दोघेही एकच देतात. खेळ एका माणसाच्या देखरेखीखालीं चालला म्हणजे चोर ओळखूं येतात.

आतां याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांतील पांच श्लोक (१९९ ते २०३) नीट पाहूं. पहिल्याच श्लोकांत सभिकानें काय घ्यावें तें सांगितलें आहे. आपल्याकडील जुगारी लोक ज्यास ‘नाल’ म्हणतात तेंच हें. दर दोन आहेत. ज्याची जीत शंभराची किंवा त्याहून अधिक, त्या ‘धूर्तकितवा’कडून शेंकडा पांच, इतरांकडून शेंकडा दहा. मिताक्षरेनें अर्थ असाच लाविला आहे, तेव्हां वाचनाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. शंका आहे ती हेतूविषयीं. थोर रकमेस हलका दर हा पेढीवरचा साधा व्यवहार आहे, ‘धूर्त’ शब्दावर भार देण्याचें प्रयोजन नाहीं, असें कोणी म्हणेल. तें मान्य केलें तरी फळ काय होतें पाहा. एका बैठकींत शंभर जिंकणारा माणूस बहुधा वाटसरू नसतो. तो मुरलेला, रोज बसणारा, ज्याच्याभोंवतीं दुसरे जमतात असा असतो. त्यास निम्मी सूट मिळते, आणि चार पणांचा डाव भीतभीत लावणाऱ्या नवख्यावर दुप्पट भार पडतो. ज्याच्यापासून उपद्रव होण्याचा संभव अधिक त्याचीच मर्जी राखण्यास सभिकाची वही त्यास शिकविते. स्मृतिकारानें ही चाल नवीन घातली असेल असें मला वाटत नाहीं. अड्ड्यांत चालत आलेला दर त्यानें उतरून घेतला असावा.

दुसऱ्या श्लोकांत सभिकाचीं कर्तव्यें आहेत. राजानें त्याचें नीट रक्षण करावें. त्यानें ठरलेला वांटा राजास द्यावा. हरलेल्याकडून रक्कम वसूल करून जिंकणाऱ्याच्या हातीं ठेवावी. वाणी सत्य ठेवावी आणि क्षमाशील असावें. हें शेवटचें विशेषण वाचून प्रथम हंसूं येतें. द्यूतगृहाच्या मालकास क्षमेचा उपदेश! परंतु विचार केल्यावर त्यांतील व्यवहारज्ञान पटतें. हरलेल्या माणसाच्या शिव्या ऐकणें हा ज्याच्या धंद्याचाच भाग, तो प्रत्येक शब्दास उत्तर देऊं लागला तर रोज एक दंगा ठरलेलाच. सत्य बोलणेंही तितकेंच आवश्यक. कारण वसूल करणारा आणि देणारा तोच असल्यामुळें त्याच्या शब्दावर दोन्ही बाजूंचा पैसा अडकलेला असतो.

क्षमेनें भागलें नाहीं तर? तर राजा. सभिकाच्यानें वसूल होत नसेल तेव्हां राजानें देवविलें पाहिजे. पण त्यास अटी आहेत. राजाचा वांटा पोंचलेला असावा, धूर्तमंडल प्रसिद्ध असावें, जागीं सभिक असावा. एरव्हीं देवविणें नाहीं. चोरून चालविलेल्या अड्ड्यावर कोणी कोणास बुडविलें तर राजा तिकडे पाहणार नाहीं. नारदानें येथें एक फार उपयुक्त नियम जोडला आहे : ज्यानें आपलें देणें चुकतें केलें नाहीं अशा कितवानें दुसऱ्या द्यूतमंडलांत पाऊल ठेवूं नये, आणि सभिकाशीं अरेरावी न करितां देणें आपखुशीनें द्यावें. हा नियम पाळावयाचा म्हणजे एका सभिकानें दुसऱ्यास त्या माणसाचें नांव कळविलें पाहिजे. एका घराचा बुडव्या दुसऱ्या घरीं पाहुणा म्हणून जातो, हा अनुभव नारदाच्याही काळीं होता, एवढें यावरून निश्चित होतें.

तंटा पडला म्हणजे निवाडा कोणीं करावयाचा? खेळणाऱ्यांनींच. द्रष्टे तेच आणि साक्षीदारही तेच, असें याज्ञवल्क्य व नारद दोघेही सांगतात. वाचकांस येथें अडखळल्यासारखें होईल. कारण याच याज्ञवल्क्यानें साक्षिप्रकरणांत स्त्री, बाल, वृद्ध, उन्मत्त यांच्या पंक्तीस कितवाला बसवून त्याची साक्ष वर्ज्य केली आहे. विज्ञानेश्वरानें हा विरोध पाहिला होता. द्रष्ट्यांच्या ठिकाणीं विद्वत्तेचा नियम येथें लागत नाहीं, आणि साक्षींतील तो निषेधही लागत नाहीं, असें तो स्पष्ट म्हणतो. दुसरा मार्ग तरी कोणता होता? फांसा कसा पडला हें पाहणारे तेथें तेच. मात्र यांतून एक गोष्ट निघते ती टीकाकारानें बोलून दाखविलेली नाहीं. रोजच्या मंडळींतील एकानें नवख्यास नागविलें, तर त्या नवख्याचे न्यायाधीश त्या लबाडाचे रोजचे सोबती!

शिक्षा कडक आहेत. खोट्या फांशांनीं किंवा मणिमंत्रौषधीसारख्या कपटानें खेळणाऱ्यास राजानें डाग देऊन देशाबाहेर घालवावें, असें याज्ञवल्क्य म्हणतो. डाग कुत्र्याच्या पावलाचा वगैरे, असें मिताक्षरा सांगते. नारदाचा दंड मला अधिक मार्मिक वाटतो : गळ्यांत फांशांची माळ घालून त्यास हांकून द्यावें. अंगावरच्या डागाचा अर्थ सांगावा लागतो. फांशांच्या माळेचा अर्थ रस्त्यांतील पोरासही कळतो.

येथपर्यंत सर्व दंड खेळाडूस. मालकावर बोट ठेवणारा ग्रंथ निराळा आहे, आणि तो आमच्या पिढ्यांस फार उशीरा मिळाला. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथें आर. शामशास्त्री यांच्या हातीं लागली व त्यांनीं ती १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केली. तोंवर या प्रश्नाची दुसरी बाजू अंधारांतच होती. त्याच्या तिसऱ्या अधिकरणाच्या विसाव्या अध्यायांत द्यूत राजाच्या अध्यक्षाखालीं एके ठिकाणीं चालावयाचें आहे; अन्यत्र खेळणाऱ्यास १२ पण दंड. अध्यक्षानें शुद्ध कवड्या व फांसे पुरवावयाचे. त्यांत हस्तक करून दुसरे घुसडणाऱ्यास पुन्हां १२ पण. कूट खेळल्यास पूर्वसाहस दंड आणि जिंकलेलें परत. कपटास चोरीचा दंड. अध्यक्षानें जितद्रव्याचे शेंकडा पांच घ्यावे, शिवाय साहित्याचें भाडें, पाणी व जागा यांचें मोल. दर सर्वांस एकच. मोठ्या गड्यास सूट नाहीं. आणि मग तें वाक्य येतें ज्याकरितां हा अध्याय वाचावा : फांसे, जागा आणि हात यांचे दोष अध्यक्षानें निवारले नाहींत तर दंड दुप्पट, आणि तो अध्यक्षास.

हात हा शब्द पाहावा. फांसे खोटे आहेत कीं नाहींत हें मालकास एकदां तपासतां येतें; हाताकडे मात्र रोज पाहत बसावें लागतें. ज्याचा हात चलाख तो मालकाचा जुना ओळखीचा असतो, त्याच्याकडून वांटा नियमानें येत असतो, तेव्हां न पाहण्याचा मोह मोठा. कौटिल्यानें त्या मोहाची किंमत ठरवून टाकली आहे.

याच अध्यायांत आचार्यांशीं त्याचा एक वाद आहे. द्यूताच्या फिर्यादींत जिंकणाऱ्यास पूर्वसाहस आणि हरणाऱ्यास त्याहून जड असा मध्यम दंड करावा, कारण हा मूर्ख जिंकूं पाहतो आणि हार सोसत नाहीं, असें पूर्वाचार्यांचें मत. कौटिल्य तें नाकारतो. हरलेल्यास दुप्पट दंड केला तर राजाकडे येणार कोण? कितव बहुतेक कूटच खेळतात असेंही तो लागलीच सांगतो. तक्रार घेऊन येणाऱ्याचें तोंड बंद केलें कीं अड्ड्यांतील गुंड निर्धास्त होतो, हें त्यास ठाऊक होतें.

शास्त्राप्रमाणें प्रत्यक्षांत किती चालत होतें, याचा पुरावा पाहावयाचा तर शूद्रकाच्या नांवावरील मृच्छकटिकाच्या दुसऱ्या अंकाकडे वळावें लागतें. उज्जयिनींत माथुर नांवाचा सभिक आहे. संवाहक हा मूळचा पाटलिपुत्रचा गृहस्थपुत्र. चारुदत्ताच्या पदरीं अंग रगडण्याचें काम करीत असे, आणि धन्यास दारिद्र्य आल्यावर फांशांवर उपजीविका करूं लागला. म्हणजे हा नित्याचा गडी. दहा सुवर्ण हरून तो पळाला आहे आणि माथुर एका जुगाऱ्यास घेऊन मागें लागला आहे. संवाहक उलट्या पावलांनीं एका ओस देवळांत शिरतो आणि रिकाम्या जागीं देव होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे उलटीं पाउलें ओळखतात, मूर्ति लांकडाची कीं दगडाची म्हणून हलवून पाहतात, आणि तेथेंच डाव मांडून बसतात. फांशांचा खळखळाट ऐकून देव खालीं उतरतो!

पुढचा प्रकार आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचा. माथुर राजाकडे जात नाहीं. संवाहकास द्यूतकरमंडळीच्या बंधनांत अडकवितात, आणि हा आम्हां जुगाऱ्यांचा न मोडण्याजोगा संकेत असें खुद्द संवाहकच कबूल करितो. मंडळाचा धाक राजाच्या धाकाहून जवळचा. मग तो एकाकडून अर्धें माफ करून घेतो, दुसऱ्याकडून अर्धें, आणि दोन अर्धीं मिळून सर्व फिटलें म्हणून चालूं लागतो. माथुर त्यास आईबाप विक म्हणतो, स्वतःस विक म्हणतो, नाकांतून रक्त येईतों मारतो. सत्य वाणी आणि क्षमा यांपैकीं येथें कांहींच दिसत नाहीं. इतक्यांत दर्दुरक नांवाचा दुसरा फाटका जुगारी येतो, माथुराच्या डोळ्यांत धूळ फेंकतो, आणि संवाहक निसटून वसंतसेनेच्या घरांत शिरतो.

वसंतसेना दासीच्या हातीं आपलें कंकण पाठवून देणें फेडते. तें हातांत पडतांच, घटकेपूर्वीं ज्याचें रक्त काढलें त्या संवाहकास माथुर कुलपुत्र म्हणूं लागतो, आणि दासीबरोबर निरोप देतो कीं, तुमचें देणें फिटलें, या, पुन्हां खेळूं. संवाहक मात्र परत जात नाहीं. तो भिक्षु होतो.