जाहिरातीचें अक्षर आणि जाहिरातीचा रंग

छत्रपती संभाजीनगरांतील गुलमंडीवरच्या एका कापडदुकानाची जाहिरात परवां मोबाइलवर आमच्या पाहण्यांत आली. जाहिरात पैठणीची होती. पार्श्वभूमि लाल, तीवर पिवळीं अक्षरें, अक्षरांस गडद हिरवी कड, कोपऱ्यांत निळ्या चांदणींत सवलतीचा आंकडा. आणि तळाशीं पत्त्यांत शहराचें नांव इतकें बारीक, कीं वेलांटी कोणती व अनुस्वार कोठें हें ओळखूं येईना. पैठणी मात्र कोठेंच नीट दिसत नव्हती. जिचें सारें वैभव रंगांत, तीच रंगांत बुडून गेली होती.

दुकानदारास सर्वस्वी दोष देतां येत नाहीं. २०२३ मध्यें शहराचें नांव बदललें, तेव्हां 'औरंगाबाद' या पांच अक्षरांच्या जागीं दहा अक्षरें आलीं. दुकानाची पाटी लांबवितां येते. मोबाइलचा पडदा लांबत नाहीं. मग अक्षर लहान करणें एवढाच उपाय बहुतेकांस सुचतो, आणि देवनागरीस तोच सर्वांत अधिक बाधतो. आपलें अक्षर तीन मजल्यांचें. वर मात्रा, वेलांटी, रफार, मध्यें शिरोरेषेखालचें मूळ अक्षर, खालीं उकार. रोमन अक्षरांस एवढे थर पेलावे लागत नाहींत. म्हणून दोन्ही लिपि सारख्याच मापानें लावल्या, तरी मराठी अक्षर डोळ्यास धाकटें दिसतें. दुकानांच्या पाट्यांवरील मराठी अक्षरें इतर लिपींहून लहान नसावींत असा कायदा राज्यानें २०२२ मध्यें केला तो योग्यच झाला. परंतु डोळ्याची मोजपट्टी कायद्याच्या मोजपट्टीहून निराळी असते, हें पाटी रंगविणाऱ्या कोणाही जुन्या पेंटरास ठाऊक आहे.

ही अडचण आजची नव्हे. ६ जानेवारी १८३२ रोजीं बाळशास्त्री जांभेकरांचें 'दर्पण' निघालें, तें दोन रकान्यांचें. एकांत इंग्रजी, दुसऱ्यांत मराठी. त्याच्या आदल्याच वर्षीं गणपत कृष्णाजींनीं मुंबईस शिळाछापावर मराठी पंचांग काढलें होतें. शिळेकरितां अक्षर हातानें लिहावयाचें असल्यामुळें लेखक मात्रा-उकारांस हवी तेवढी जागा देऊं शके. खिळ्यांच्या छपाईंत ती मोकळीक नाहीं. धातूचा ठोकळा जेवढा, तेवढ्यांतच अक्षरानें राहावयाचें. जावजी दादाजींच्या १८६९ मध्यें निघालेल्या निर्णयसागर छापखान्याचा लौकिक झाला, तो या अरुंद घरांतही अक्षर ऐसपैस बसविण्यामुळें; आणि त्या यशांत राणोजी रावजी आरू यांच्या कोरीव हाताचा वाटा मोठा होता.

रंगाची कथा याहून उद्बोधक आहे. राजा रविवर्मा यांनीं १८९४ मध्यें मुंबईस छापखाना काढला. तो पुढें लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या काळच्या रंगीत छपाईंत प्रत्येक रंगास वेगळी शिळा लागे, आणि प्रत्येक रंगाकरितां तोच कागद पुन्हां यंत्राखालून काढावा लागे. शिळा केसभर सरकली, तर लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर! एक रंग वाढविणें म्हणजे एक शिळा आणि एक फेरी वाढविणें. त्यामुळें हा रंग हवाच काय, असा प्रश्न प्रत्येक वेळीं विचारला जाई. पडद्यावर कोणताही रंग फुकट मिळतो, म्हणून तो प्रश्न कोणी विचारीत नाहीं.

शिवाय कागद बाहेरचा उजेड परतवितो, पडदा स्वतःच उजळतो. तेथें अक्षर वाचतां येतें तें मुख्यतः रंगाच्या भिन्नतेनें नव्हे, तर उजळपणाच्या अंतरानें. आंतरजालाचीं मानकें ठरविणाऱ्या संस्थेनें साध्या आकाराच्या मजकुरास हें प्रमाण निदान साडेचारास एक असावें असें सांगितलें आहे, आणि मोठ्या अक्षरांस तिनास एक. शुद्ध लालावर शुद्ध पिवळें घेतलें तर तें सुमारें ३.७ भरतें, मथळ्यास चालेल, बारीक पत्त्यास नाहीं. लालावर गडद हिरवें तर जेमतेम १.३. उलट गडद किरमिजीवर पांढरें अक्षर घेतल्यास तेंच प्रमाण दहाच्या वर जातें.

कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनीं वृत्तपत्रांत नाटकांच्या जाहिरातींचीं अक्षरें काढलीं, तेव्हां त्यांच्यापाशीं रंग एकच होता, तो काळा. नाटकाच्या नांवाचें वळणच असें असे, कीं प्रेक्षक तें वाचण्यापूर्वींच ओळखीत. पांढरी जागा सोडण्यास धैर्य लागतें. जागेचे पैसे मोजलेल्या व्यापाऱ्यास ती वायां गेली असें वाटतें. शेडगे ती सोडीत.

आज साधनांची उणीव आहे असें म्हणवत नाहीं. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनीं संगणकासाठीं 'मंगल' हें वळण घडविलें. त्यानंतर मुंबईच्या 'एक टाइप' मंडळीनें 'मुक्ता', 'बालू' हीं वळणें कोणासही विनामूल्य वापरतां येतील अशीं दिलीं. परंतु पुष्कळ जाहिराती प्रथम इंग्रजींत रचल्या जातात, आणि उरलेल्या चौकटींत मराठी कोंबली जाते. असो.

पुढें कांहीं कामानें आम्ही त्या दुकानांत गेलों. दुकानदारानें चार पैठण्या काढल्या, तीन बाजूस सारल्या, आणि चौथी पांढऱ्या शुभ्र गादीवर एकटीच उलगडली. पदर समोर आला, तेव्हां तो अवाक्षर बोलला नाहीं.