पोरक्यांची नेमणूक

इसवी सन १९०० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने आपल्या वाचकांपुढे एक साधा हिशेब मांडला होता: हिंदुस्थानातील एका पोरक्या मुलाचे अन्नवस्त्र आणि शिक्षण वर्षाला १५ डॉलरांत भागते. त्या वेळच्या हुंडणावळीने ही रक्कम सुमारे ४६ रुपये, म्हणजे महिन्याला चार रुपयांच्याही आतच भरते. अशा दरडोई नेमणुकीवर वाढलेली जी मुले तेव्हा देशभर विखुरलेली होती, त्यांतील काही अहमदनगर जिल्ह्यातील अमेरिकन मराठी मिशनच्या आश्रयास होती. आज पॅलेस्टिनी निर्वासित मुलांसाठी मागितल्या जाणाऱ्या देणग्यांविषयी वाचताना मला प्रथम आठवते ते हे नगरचे जुने प्रकरण.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेल्या या जिल्ह्याला अवर्षण नवे नव्हते. १८७६-७७ च्या दुष्काळात उपाशी माणसांच्या हातांनी ज्याची माती उचलली गेली, तो दौंड-मनमाड लोहमार्ग पुढे १८७८ मध्ये सुरू झाला आणि नगरला जगाशी जोडता झाला. परंतु १८९९ मध्ये पाऊस पुन्हा फिरला, पाठोपाठ रब्बीही गेली, आणि जिरायतीवर जगणारी कुटुंबे घरांना कड्या लावून सरकारी खडीच्या कामांवर निघाली, तेव्हा त्या लोहमार्गाने धान्य आणता आले तरी ते विकत घ्यायला कनवटीला पैसा कोठून आणावा, हा प्रश्न तसाच राहिला. कामांवरच्या छावण्यांतून पटकी शिरली आणि आईबाप गेल्यावर मागे मुले उरली. आपले गाव सोडून आलेले, ज्याला परत नेणारे कोणी नाही असे मूल दप्तराच्या भाषेत ‘बेवारशी’ ठरते. निर्वासित हा शब्द तेव्हा रूढ नव्हता एवढेच.

या मुलांची तजवीज सरकारने आपल्या खजिन्यापेक्षा लोकांच्या धर्मबुद्धीवर अधिक सोपविली होती. कलकत्त्याहून चालणाऱ्या दुष्काळ-धर्मादाय निधीचे जे चार उद्देश ठरविण्यात आले होते, त्यांत पोरक्यांचा सांभाळ हा एक होता. समुद्रापलीकडून येणारी मदत निराळी. १९०० च्या मे महिन्यात ‘क्विटो’ नावाचे जहाज दोन लक्ष बुशेल मका घेऊन न्यूयॉर्कहून मुंबईकडे निघाले. धान्य वर्गणीचे आणि जहाजाचे भाडे अमेरिकन सरकारचे. ज्वारी-बाजरीवर वाढलेल्या मुलुखाला त्या मक्याचे काय करावे हे शिकावे लागले असेल, पण भूक चवीची चौकशी करीत नाही. या सगळ्या मदतीच्या वाटपात ज्यांनी मोठा भार उचलला, ते रेव्हरंड रॉबर्ट ॲलन ह्यूम नगरचेच. १८४७ मध्ये मुंबईत जन्मलेल्या आणि उमेदीची सारी वर्षे नगरला घालविणाऱ्या या गृहस्थांना १९०१ मध्ये कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले.

पण दान कितीही निर्मळ असले तरी मूल कोणाच्या हवाली करायचे, हा प्रश्न दानापाशी सुटत नाही. मिशनऱ्याच्या दारात आलेले मूल बायबल ऐकतच वाढणार, हे मिशननेही कधी लपविले नाही. आणि उपाशी मुलाची संमती ती कसली संमती, ही हिंदू समाजाची तक्रारही पोकळ नव्हती. लाला लजपतराय यांनी १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे याच विषयावर साक्ष दिली. मात्र मला येथे आपल्या लोकांना थोडे विचारावेसे वाटते. पंढरपूरला प्रार्थनासमाजाच्या मंडळींनी १८७५ मध्येच बालकाश्रम काढला होता, केडगावला पंडिता रमाबाईंनी शेकडो दुष्काळग्रस्त मुली आणल्या होत्या (त्यांच्यावरही तोच आक्षेप आला, हे खरे). परंतु नगरच्या रस्त्यावरचे महारा-मांगाचे पोर उचलून आपल्या ओसरीवर घ्यायला किती वाडे पुढे आले असते?

वर्गणीदाराचा उत्साह दोनचार वर्षांचा असतो, आणि आठ वर्षांच्या मुलाला कमावता होण्यास दहा वर्षे लागतात. हा जमाखर्च नगरच्या मंडळींना लवकर उमगला, म्हणून त्यांनी भाकरीबरोबर कसब देण्याची योजना केली. पारशी दानशूर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या नावाच्या औद्योगिक शाळेत मुले सुतारकाम आणि धातुकाम शिकली, गालिचे विणू लागली, आणि डी. सी. चर्चिल नावाचा अमेरिकन अभियंता येऊन त्याने हातमागात सुधारणा करण्याचा ध्यास घेतला. शहरातील साळी-कोष्टी-पद्मशाली पिढ्यानपिढ्या लुगडी विणीत होते. त्यांच्या शेजारी ज्याच्या बापाने कधी धोटा हातात धरला नव्हता असा मुलगा मागावर बसला, ही गोष्ट त्या वेळच्या समाजात लहान नव्हती.

नगरचे मिशन ज्या अमेरिकन बोर्डाचे होते, त्याच बोर्डाचे चिटणीस जेम्स बार्टन यांच्या पुढाकाराने १९१५ मध्ये आर्मेनियन निर्वासितांसाठी समिती उभी राहिली, आणि तिच्या अनाथालयांचे जाळे पुढे पॅलेस्टाइनपर्यंत पोहोचले. १९४८ मध्ये त्याच भूमीतील सात लाखांवर अरबांची घरे सुटली. संयुक्त राष्ट्रांनी ८ डिसेंबर १९४९ रोजी ठराव करून त्यांच्यासाठी जी संस्था स्थापली, तिचे काम १ मे १९५० रोजी सुरू झाले. आणि पटावर कोणाचे नाव चढवावे याचा नियमही ठरला: १ जून १९४६ ते १५ मे १९४८ या काळात ज्याचे वास्तव्य पॅलेस्टाइनमध्ये होते आणि ज्याचे घर व उपजीविका दोन्ही गेली, तो निर्वासित. त्याच्या वंशजांची नावेही पटावर चढत गेली, कारण परतण्याची वाट उघडली नाही. नगरच्या मुलांना पुढच्या पावसाने निदान गाव परत दिले होते. येथे नातवंडे छावणीतच जन्मली.

तेथेही आधी शिधा, मग शाळा आणि मग कसब असाच क्रम लागला. जेरुसलेमजवळ कलंदिया येथे १९५३ मध्ये धंदेशिक्षणाची पहिली शाळा निघाली. तिचा जमाखर्च सांभाळणारी ती संस्था आजही दरसाल देशोदेशींच्या सरकारांपुढे हात पसरते. २०१८ पासून भारत सरकारची वर्षाची नेमणूक ५० लाख डॉलरांची झाली आहे.