यात्रेकरूचे निष्क

एक यात्रेकरू गाठीला काही निष्क बांधून निघाला. अर्धे त्याने प्रयागला दान केले. उरलेल्यांतले दोन नवमांश काशीला दिले. त्यातून जे राहिले त्याचा चौथा हिस्सा वाटेत जकातीत गेला (टोलनाके बाराव्या शतकातही होतेच म्हणायचे!). मग जे शिल्लक राहिले त्याचे सहा दशांश गयेला, आणि ६३ निष्क घेऊन स्वारी घरी परतली. तर मंडळी, निघताना त्याच्याजवळ किती होते?

हे गणित भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं. ग्रंथ ११५० सालचा. तेव्हा आचार्यांचं वय होतं ३६. आज आपली शाळकरी मुलं ते ‘क्ष’ धरून सोडवतील. प्रयागनंतर उरला क्षचा १/२, काशीनंतर ७/१८, जकातीनंतर ७/२४ आणि गयेनंतर ७/६०. हे ७/६० म्हणजे ६३, म्हणून क्ष ५४०. झालं!

पण घरातल्या एखाद्या आजीला विचारलंत तर ती बहुधा शेवटाकडून सुरुवात करेल. गयेला सहा दशांश गेले, म्हणजे ६३ हे चार दशांश. तर गयेआधी होते १५७॥. (अर्ध्या निष्काला अडायचं कारण नाही. ‘लीलावती’च्या सुरुवातीलाच कोष्टक आहे, एका निष्काचे १६ द्रम्म.) १५७॥ हे तीन चतुर्थांश, म्हणजे जकातीआधी २१०. ते सात नवमांश, म्हणून काशीआधी २७०. दुप्पट केले की ५४०. ह्या उलट्या चालीला भास्कराचार्य विलोमविधी म्हणतात.

तिसरी वाट मला सगळ्यांत आवडते, ती इष्टकर्माची. मनाला येईल ती संख्या धरायची. भास्कराचार्य अशा ठिकाणी १ धरतात. आपण अपूर्णांक टाळायला ३६० धरू. अर्धे गेले, राहिले १८०. काशीला ४०, राहिले १४०. जकात ३५, राहिले १०५. गयेला ६३, राहिले ४२. आपल्याला हवे होते ६३, आले ४२. मग त्रैराशिक: ४२ ला ३६०, तर ६३ ला किती? ५४०.

परदेशातल्या आपल्या मुलांनी असं सोडवलं की वहीत ‘ट्रायल अँड एरर’ असा शेरा मिळण्याची शक्यता फार. माझ्या मते हा त्या रीतीवर अन्याय आहे. हे अंदाजपंचे नाही. पहिली संख्या चुकीची असणार हे धरूनच चालायचं, आणि ती किती पटीने चुकली ते मोजायचं. दुसरा प्रयत्न करावाच लागत नाही.

ही रीत फार जुनी. इथे लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये ऱ्हिंड पपायरस आहे. अहमोस नावाच्या इजिप्शियन लेखनिकाने तो इसवी सनापूर्वी १५५० च्या सुमारास एका त्याहून जुन्या लिखाणावरून उतरवला. त्यातलं २४ वं गणित असं: एक राशी आणि तिचा सातवा हिस्सा मिळून १९. लेखनिक ७ धरतो, म्हणजे बेरीज ८. मग ८ ला कितीने गुणलं की १९ होतात ते काढतो आणि त्याच पटीने ७ ला गुणतो. उत्तर १६ पूर्णांक ५/८. त्याच्याकडे २/३ सोडला तर सगळे अपूर्णांक अंश १ असलेलेच. ५/८ तो १/२ आणि १/८ असा लिहितो. अशा माणसाने सातवा हिस्सा सुखाने निघेल अशीच संख्या धरावी, यात नवल नाही.

मात्र इष्टकर्माला एक पथ्य आहे. समजा काशीत कुणी ओळखीचा भेटला आणि त्याने यात्रेकरूच्या हातावर दहा निष्क ठेवले. झालं, त्रैराशिक कोलमडलं! कारण ३६० धरा की ५४०, ते दहा काही त्या पटीने वाढत नाहीत. विलोमविधी तिथेही चालतो, ‘क्ष’ही चालतो. धरायचंच असेल तर दोन संख्या धराव्या लागतात आणि दोन्हींच्या चुकांवरून उत्तर काढावं लागतं. अरबी गणितज्ञांना ही दुहेरी रीत ठाऊक होती, आणि १२०२ मध्ये फिबोनाचीने तिच्यासाठी आपल्या ग्रंथात एक अख्खा अध्याय दिला.

आधी असल्या जुन्या युक्त्या, मग प्रगती होऊन बीजगणित, असा इतिहास सांगायची सवय आहे. भास्कराचार्यांच्या बाबतीत तो लागू पडत नाही. त्यांच्याच ‘बीजगणित’ या ग्रंथात अव्यक्त राशीला ‘यावत्तावत्’ असं नाव आहे आणि ती थोडक्यात ‘या’ अशी लिहितात. साधी संख्या म्हणजे ‘रू’, रूप. समीकरणाच्या दोन बाजू एकाखाली एक मांडायच्या. हत्यारं सगळी हाताशी होती. यात्रेकरूला ‘या’ची गरज नाही, म्हणून त्याचं गणित पाटीगणितात ठेवलं, एवढंच.

हे दोन्ही ग्रंथ कोलब्रुकने इंग्रजीत आणले आणि १८१७ मध्ये ते इथे लंडनलाच छापले गेले. ‘लीलावती’ त्याआधी १५८७ मध्ये, अकबराच्या दरबारातल्या फैजीने फारसीत नेली होती. घरी मात्र आचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. १२०७ चा तो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला.

आता फराळ करता करता मुलांना घालायला ‘लीलावती’तलंच आणखी एक. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर, आणि या दोन हिश्शांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्यावर. उरला एकच, तो केवडा आणि मालतीच्या वासाने हवेतच घुटमळतोय. इष्ट १५ धरलंत तर हसू येईल. म्हणून ३० धरून बघा.