अक्कलदाढ शस्त्रक्रिया : मज्जातंतूंचे रक्षण

खालच्या जबड्यातील अक्कलदाढ काढताना ओठ, हनुवटी व जिभेला संवेदना पुरवणाऱ्या नसांना इजा होऊ नये म्हणून घेतली जाणारी खबरदारी. ही दाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. जागा अपुरी पडली की हाडात आडवी किंवा तिरपी अडकते.

धोका दोन नसांना असतो. एक जबड्याच्या हाडातील नळीतून दाढेच्या मुळांखालून जाते. दुसरी, जिभेची नस, दाढेच्या आतल्या बाजूस मऊ पेशीजालात असते. काहींमध्ये ती हाडाच्या कडेपेक्षाही वर आढळते आणि एक्स-रेत दिसत नाही.

रक्षणाची सुरुवात निदानापासून होते. रूड आणि शेहाब यांनी १९९० मध्ये धोक्याची एक्स-रेतील लक्षणे मांडली : मुळावर काळसर पट्टा, नळीची पांढरी रेषा तुटलेली, नळीने अचानक बदललेली दिशा. असे काही दिसल्यास सीबीसीटी या त्रिमितीय तपासणीतून मूळ व नळीमधील अंतर कळते. त्रास न देणारी, निरोगी दाढ केवळ भीतीपोटी काढू नये, असे ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००० मध्ये सुचवले.

शस्त्रक्रियेत आतल्या बाजूची हिरडी शक्यतो उचलत नाहीत आणि त्या बाजूचे हाड राखतात. दाढेचे तुकडे करून काढल्याने हाड कमी कोरावे लागते व मुळांचा दाब नळीवर येत नाही. मुळे नळीला अगदी खेटून असतील, तर फक्त माथा कापून मुळे हाडातच ठेवता येतात. १९८४ मध्ये फ्रान्समध्ये मांडली गेलेली ही पद्धत मुळे किडलेली, हलणारी किंवा संसर्ग झालेली असल्यास वापरत नाहीत.

विदर्भात या शस्त्रक्रियेपुढे आणखी एक अडचण असते. तिथे खर्ऱ्याचे (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचे) व्यसन मोठे. खर्ऱ्यातील सुपारीमुळे गालाच्या आतील पेशीजाल ताठर होते आणि तोंड पुरेसे उघडत नाही. अशा रुग्णाच्या मागच्या दाढेपर्यंत हत्यार सरळ पोहोचत नाही, म्हणून व्यसनाची माहिती व तोंड किती उघडते याचे माप आधीच घ्यावे लागते. वर्धा जिल्ह्यातील सावंगी (मेघे) येथील शरद पवार दंत महाविद्यालयात मुखशल्यचिकित्सेचा विभाग असून तेथील शल्यचिकित्सकांनी तोंड न उघडण्याच्या या आजारावरील शस्त्रक्रियांविषयी शोधनिबंध लिहिले आहेत.

भुलीचा बधिरपणा काही तासांत ओसरतो. ओठ किंवा जीभ दुसऱ्या दिवशीही बधिर राहिली, तर लगेच डॉक्टरांना कळवावे. बहुतेक इजा काही आठवड्यांत वा महिन्यांत भरून येतात. सुधारणा दिसत नसल्यास सूक्ष्मशल्यक्रियेने नस जोडता येते. मात्र उशीर होत जाईल तशी यशाची शक्यता घटते.