चौल आणि रेवदंडा : एका बंदराची दोन नगरे

अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिका नदी जिथे समुद्राला मिळते त्या खाडीच्या उत्तर तीरावर वसलेले चौल हे आज नारळी-पोफळीच्या वाड्यांचे गाव असले, तरी दीड हजार वर्षांहून अधिक काळ ते पश्चिम किनाऱ्यावरील एक अग्रगण्य बंदर होते. कान्हेरीच्या शिलालेखांत ते ‘चेमुल’ म्हणून येते, ग्रीक लेखक त्याला ‘सेमिल्ला’ म्हणतात, तर अरब प्रवाशांच्या ग्रंथांत तेच ‘सैमूर’ होते. इ. स. 916 च्या सुमारास येथे आलेल्या अल्-मसूदीने उत्तर कोकणातील शिलाहार राजा झंझ याच्या अमलाखाली सुमारे दहा हजार मुसलमान या नगरात राहत असल्याचे नमूद केले आहे. सिराफ, ओमान, बसरा व बगदाद येथून आलेल्या या व्यापाऱ्यांच्या तंट्यांचा निवाडा त्यांच्यातलाच, राजाने नेमलेला एक प्रमुख करीत असे, आणि परकी व्यापाऱ्याला आपल्या बंदरात निर्धास्त वाटावे याची राज्यकर्त्यांना किती काळजी होती, हे त्यावरून कळते.

चौलचे वैभव समुद्रावर जेवढे अवलंबून होते, तेवढेच, किंबहुना अधिक, घाटमाथ्यावर अवलंबून होते. बोरघाटाने उतरणारे देशावरचे कापड व धान्य येथून बाहेर जाई आणि इराण-अरबस्तानातले घोडे येथे उतरून बहमनी व पुढे निजामशाही फौजांकडे जात. 1469 मध्ये अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरला, तोही विक्रीचा घोडा घेऊनच. चौलमध्ये विणल्या जाणाऱ्या रेशमी वस्त्रांनाही दूरवर मागणी होती.

1508 मध्ये याच खाडीत इजिप्तच्या मामलुक सुलतानाचे आरमार व दीवचा मलिक अयाज यांनी मिळून पोर्तुगीजांना गाठले. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा याचे जहाज मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या खांबांत अडकले आणि तो मारला गेला. बलाढ्य तोफांच्या त्या लढाईत किनाऱ्यावरच्या कोळ्यांचे साधे खांब निर्णायक ठरावेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. तथापि 1521 मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी खाडीच्या मुखाशी, म्हणजे आजच्या रेवदंड्यास, किल्ल्याचे काम सुरू केले आणि तेव्हापासून निजामशाहीचे वरचे चौल व पोर्तुगीजांचे खालचे चौल अशी दोन नगरे शेजारी-शेजारी नांदू लागली.

मुर्तझा निजामशहाने 1570-71 मध्ये घातलेला दीर्घ वेढा निष्फळ ठरल्यानंतर संपूर्ण खालच्या नगराभोवती तट उभारला गेला आणि त्याच्या आत चर्च व मठ दाटीने उभे राहिले. त्यांपैकी फ्रान्सिस्कन चर्चचा उंच मनोरा आजही उभा असून लोक त्याला ‘सातखणी बुरूज’ म्हणतात. मुळात तो लढाईचा बुरूज नसून घंटेचा मनोरा होता, मात्र पडझडीमुळे त्याचे सगळे मजले आता उरलेले नाहीत. वरच्या चौलमध्ये याउलट घुमटांचा हमामखाना, म्हणजे उष्ण वाफेचे स्नानगृह, आणि पायऱ्या-पायऱ्यांची पुष्करिणी समोर असलेले रामेश्वर मंदिर ही वास्तुपरंपरा दिसते. एवढ्या थोड्या अंतरात इतक्या भिन्न बांधणीच्या वास्तू महाराष्ट्रात क्वचितच सापडतील, आणि त्यामानाने त्यांची होणारी हेळसांड क्लेशदायक आहे.

1636 मध्ये निजामशाही संपली, तेव्हा चौलला पाठबळ देणारी घाटावरची राजधानी नाहीशी झाली. त्यातच शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी मुंबईत आसरा दिल्याने येथील रेशीम विणकरांनी तिकडे बिऱ्हाडे हलवली. म्हणून 1740 च्या तहाने पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे जे नगर आले, त्याचा व्यापार आधीच ओसरला होता. खाडीपलीकडच्या कोर्लईत मात्र ख्रिस्ती कुटुंबांच्या घरी पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली अजूनही बोलली जाते.