कैलास लेणं, एलियन आणि आमचा फॅमिली ग्रुप

आजचा एपिसोड वेरूळच्या कैलास लेण्यावर आहे आणि एका भांडणावरही आहे. भांडण आमच्या घरातलंच, त्यामुळे नावं नाही सांगणार.

तर झालं असं. एका रविवारी सकाळी आमच्या फॅमिली ग्रुपवर मामांनी एक व्हिडिओ टाकला. मागे ढोल-ताशांचं म्युझिक, वर लाल अक्षरं : ‘चार लाख टन दगड! फक्त १८ वर्षं! माणसाला अशक्य! वेरूळचं कैलास कुणी बांधलं? शास्त्रज्ञही गप्प!’ शेवटी आकाशातून एक तबकडी उतरते आणि डोंगरावर लेझर मारते. खाली मामांनी लिहिलं होतं, ‘विचार करायला लावणारं.’

आता आपण इतिहासाचा पॉडकास्ट करतो म्हटल्यावर अंगात येतंच. मी लिहिलं, ‘मामा, हा कचरा कुठून आणता तुम्ही?’ सोबत तीन हसऱ्या इमोजी. मावसभावंडांनी लगेच त्यावर हसून घेतलं. मामांनी फक्त एक ओळ लिहिली : ‘मग तूच सांग ना, कसं कोरलं?’

आणि मंडळी, माझ्याकडे उत्तर नव्हतं. एलियन नव्हते हे मला पक्कं माहीत होतं. पण मग माणसांनी नेमकं केलं कसं? किती लोक, किती दिवस, कशावरून? काही नाही. मी परत एक इमोजी टाकली आणि सटकलो. मामा त्या दिवसापासून ग्रुपवर गप्प झाले. संध्याकाळी आईचा फोन : ‘तुला वेरूळ पहिल्यांदा कुणी दाखवलं आठवतंय का? लाल डब्यातून, खांद्यावर बसवून?’

आठवत होतं. म्हणून मग वाचायला बसलो. ते वाचन म्हणजे हा एपिसोड.

आधी आकडा

सुरुवात त्या चार लाख टनांपासून करू, कारण सगळ्या व्हिडिओंचा जीव त्यातच आहे.

कैलास म्हणजे वेरूळचं १६ नंबरचं लेणं. आपल्या संभाजीनगरपासून साधारण ३० किलोमीटर. डोंगरात जो खड्डा खणलाय त्याची लांबी सुमारे २७६ फूट, रुंदी १५४ फूट आणि मागच्या बाजूचा कडा १०७ फूट. मोबाईलवर गुणाकार करा. साडेपंचेचाळीस लाख घनफुटांच्या आसपास येतात. आपल्या काळ्या दगडाचं, म्हणजे बेसॉल्टचं वजन घनफुटाला ८० किलोंहून थोडं जास्त. म्हणजे पावणेचार लाख टनांच्या घरात. सापडला ना व्हिडिओवाला आकडा!

पण थांबा. हा हिशोब म्हणजे अख्खा चौकोनी खोका झाला. डोंगर पुढच्या बाजूला उतरता आहे, तिथे १०७ फूट उंची नाहीच. आणि खोक्याच्या मधोमध जे देऊळ उभं आहे ना, ज्याच्यापुढे आपण सेल्फी काढतो, तो दगड काढलेलाच नाही! तो तर ठेवलाय. म्हणून अभ्यासकांच्या लिखाणात काढलेल्या दगडाचा अंदाज दोन लाख टनांच्या आसपास सापडतो. व्हिडिओनं देऊळसुद्धा ढिगाऱ्यात मोजलं.

आता १८ वर्षं. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याची कारकीर्द साधारण इ.स. ७५६ ते ७७३. त्यालाच कुणीतरी ‘१८ वर्षांत पूर्ण’ करून टाकलंय. प्रत्यक्षात सगळं काम एकाच राजाच्या काळातलं नाही. हर्मन गोट्झ या अभ्यासकानं १९५२ साली मांडलं की कैलासाचं काम अनेक राजांच्या काळात टप्प्याटप्प्यानं झालं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे म. के. ढवळीकर म्हणाले, तसं नाही, मुख्य देऊळ बहुतेक कृष्णाच्याच काळातलं, बाजूची काही लेणी नंतरची. म्हणजे अभ्यासकांमध्येही वाद आहेच. पण तो कशावरून चालतो? मूर्तींची घडण, खांबांची शैली, शिलालेख. ‘मला वाटतं’ यावरून नाही.

ढवळीकरांनी माणसांचाही हिशोब केला. एक माणूस दिवसाला साधारण चार घनफूट दगड फोडतो असं धरलं, तर २५० माणसांना साडेपाच वर्षं पुरतात. चार घनफूट जास्त वाटतं? दोन धरा. मग ५०० माणसं लागतील. नक्षीकामाचा वेळ वेगळा धरा, दगड वाहून नेणारे वेगळे धरा. तरीही एका साम्राज्याच्या आवाक्यातली गोष्ट आहे.

विमानं आहेत, पण…

आता सगळ्यात भारी भाग.

‘माणसाला हे कसं शक्य आहे?’ हा प्रश्न यूट्यूबचा नाही. तो कमीत कमी बाराशे वर्षं जुना आहे. वडोद्याला एक ताम्रपट सापडला, राष्ट्रकूटांच्या गुजरात शाखेतल्या कर्क राजाचा, इ.स. ८१२-१३ चा. म्हणजे कृष्ण राजा जाऊन जेमतेम ४० वर्षं झाली होती. त्यात कृष्णानं एलापूरला बांधलेल्या देवळाचं वर्णन आहे. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८८३ साली लेख लिहून दाखवलं की हे वर्णन वेरूळच्या कैलासाचं आहे.

आणि काय वर्णन आहे! सारांश असा : आकाशातून विमानांत बसून जाणारे देव ते देऊळ बघतात आणि चकित होतात. म्हणतात, हे बनवलेलं नसणारच, आपोआप प्रकट झालं असणार. आणि पुढे येतो ते बनवणारा कारागीर. तोसुद्धा थक्क होऊन स्वतःलाच विचारतो, हे मी कसं काय केलं? पुन्हा असं जमणार नाही म्हणून.

एखादा म्हणेल, बघा, ताम्रपटात विमानं आहेत! हो, आहेत ना. पण नीट वाचा. विमानात बसलेले सगळे प्रेक्षक आहेत. काम करणारा माणूस खाली जमिनीवर उभा आहे.

पैठणचा कोकस

दुसरी गोष्ट आपल्या मराठीतली. कृष्ण याज्ञवल्कीच्या ‘कथाकल्पतरू’मध्ये एक कथा येते. राजा आजारी पडतो. राणी नवस बोलते, राजा बरा झाला तर शिवाचं देऊळ बांधीन आणि त्याचा कळस दिसेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा बरा होतो. आता आली पंचाईत! देऊळ बांधायचं म्हणजे पाया, भिंती आणि मग कळस. तोवर राणी जगायची कशी? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर म्हणतो, आठवड्यात कळस दाखवतो. आणि तो डोंगर वरून कोरायला घेतो. आधी कळस, पाया शेवटी.

ही दंतकथा आहे, इतिहास म्हणून सांगत नाहीये. पण कथा रचणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती : हे देऊळ वरून खाली कोरलंय. आणि ते करणारा त्याच्या डोळ्यांसमोर कोण होता? पैठणचा माणूस. आपल्याच जिल्ह्यातला, गोदाकाठचा.

बरं, कैलास काही हवेतून पडलेलं नाही. त्याच्या थोडं आधी कर्नाटकात पट्टदकलला चालुक्यांच्या लोकमहादेवी राणीनं विरूपाक्ष मंदिर बांधवलं होतं. त्याची मांडणी आणि कैलासाची मांडणी शेजारी ठेवून बघा, नातं दिसतं. चालुक्यांना हरवून राष्ट्रकूट मोठे झाले आणि त्यांच्या देवळांचा कित्ताही गिरवला. आणि वेरूळलाच ३० नंबरला जैनांचं छोटा कैलास आहे. कैलासाचीच लहान आवृत्ती, आणि ती अर्धवट राहिली. लेझर असतं तर अर्धवट कशाला राहिलं असतं?

औरंगजेबाचा फॉरवर्ड

याच व्हिडिओचा एक धाकटा भाऊ फिरतो : औरंगजेबानं हजार माणसं लावून तीन वर्षं कैलास फोडायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. विषय नाजूक आहे, तरी बोलू.

औरंगजेबानं देवळं पाडली. काशीचं विश्वनाथाचं १६६९ मध्ये, मथुरेचं केशवदेवाचं १६७० मध्ये. हे कुठून कळतं? ‘मआसिर-इ-आलमगिरी’ या त्याच्याच बाजूच्या ग्रंथातून. लेखक साकी मुस्तैद खान ते लपवत नाही, उलट अभिमानानं सांगतो. आणि हाच ग्रंथ वेरूळबद्दल काय म्हणतो? फार पूर्वी जादुई कौशल्याच्या कारागिरांनी डोंगरात हे कोरलं, असं कौतुकानं लिहितो. जो माणूस देवळं पाडल्याची फुशारकी मारतो, तो तीन वर्षांची मोहीम विसरेल होय?

इथे दोन्हीकडचे लोक चिडतात. एकाला वाटतं मी औरंगजेबाला सोडवतोय, दुसऱ्याला वाटतं काशीचं काढायची गरज नव्हती. पण पुरावा आपल्या सोयीचा तेवढाच घ्यायचा, तर आपल्यात आणि त्या व्हिडिओवाल्यात फरक काय?

श्रेय कुणाचं?

घारापुरीची लेणी पाहून जुन्या युरोपियन प्रवाशांनी काय काय तर्क लढवले! कुणी सिकंदर म्हणालं, कुणी इजिप्तचे लोक म्हणालं. १९६८ मध्ये एरिक फॉन डॅनिकेनचं ‘चॅरियट्स ऑफ द गॉड्स’ आलं आणि जगभरातल्या जुन्या वास्तूंचं श्रेय परग्रहवासीयांकडे गेलं. म्हणजे सिकंदर चालेल, इजिप्त चालेल, मंगळ चालेल, फक्त इथला पाथरवट चालणार नाही. व्हिडिओ शेअर करताना मामांना वाटत होतं की ते वेरूळचा अभिमान मिरवतायत. पण त्या व्हिडिओत वेरूळच्या माणसांना जागाच नव्हती.

तुम्ही म्हणाल, सोड ना, एलियनच तर आहेत, कुणाचं काय बिघडतं? बिघडलं नाही, तोवर ठीक. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे लोक. कारण काय, तर मुलं पळवणारी टोळी फिरतेय असा फॉरवर्ड. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करता येईल असं केलं. पण बोट आपलंच असतं. ‘कशावरून?’ हा प्रश्न एलियनच्या व्हिडिओवर विचारायची सवय नसेल, तर त्या दुसऱ्या मेसेजवर तो ऐनवेळी कुठून सुचणार?

आणि तो विचारायचा कसा? मी विचारला तसा तर अजिबात नाही.

परत मामांकडे

पुढच्या रविवारी मामांच्या घरी गेलो. आधी माफी मागितली, तीही ग्रुपवर, कारण अपमान ग्रुपवर केला होता. मग कागद काढला. हिशोब सांगायला लागलो तर मामा ऐकूनच घेईनात. शेवटी विचारलं, ‘मामा, तुमच्या वडिलांनी शेतात विहीर खणली होती ना? कशी?’

मामा एकदम खुलले. वरचा मुरूम कसा काढला, मग काळा खडक लागला, मग घण, छिन्नी, पहार. रोज संध्याकाळी हात कसे सुजायचे. चार माणसं, दोन उन्हाळे. मी म्हटलं, ‘वरून खालीच गेलात ना? समजा मधला दगड सोडून फक्त कडेनं खणत गेला असता तर?’

मामा थांबले. कागद ओढून घेतला. आयुष्य एमआयडीसीत फिटर म्हणून काढलेला माणूस. गुणाकार माझ्यापेक्षा भराभर करतो. २७६ गुणिले १५४ गुणिले १०७. मग स्वतःच म्हणाले, ‘अरे, पण ह्यात देऊळ धरलंय की यांनी!’

मी गप्प बसलो. हे मला फार उशिरा जमलं.

मामा सगळं मानले असं नाही. निघताना म्हणाले, ‘आकडा पटला. पण नासावाले काहीतरी लपवतात, हे तर खरंय ना?’ म्हटलं, मामा, तो पुढच्या रविवारी.

रात्री ग्रुपवर मामांचा मेसेज आला. त्या कागदाचा फोटो, आणि खाली : ‘कैलासाचा खरा हिशोब. जरूर वाचा. दहा जणांना पाठवा.’

तर मंडळी, तुमच्या घरातल्या अशा एखाद्या भांडणाबद्दल आम्हाला नक्की कळवा. आणि वेरूळला गेलात तर लेण्याच्या वरच्या कड्यावर जाऊन एकदा खाली बघा. काम तिथूनच सुरू झालं होतं. भेटू पुढच्या भागात!