कालवा आधी, प्रशिक्षण नंतर : मराठवाड्यातील सिंचन कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा इतिहास

प्रस्तावना : हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा हे वसमत तालुक्यातील मोठे गाव होय. या तालुक्याचा बराच भाग पूर्णा प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात मोडतो. येथील हळद व ऊस ही पिके पावसाइतकीच कालव्याच्या आवर्तनावर अवलंबून असतात. मराठवाड्यातील सिंचनाचा इतिहास बहुधा धरणांच्या अंगाने लिहिला गेला. धरणातील पाणी शेतापर्यंत पोहोचविणाऱ्या कर्मचाऱ्यास ते काम कोणी व केव्हा शिकविले, हा प्रश्न मात्र मागे राहिला. प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे १९६० च्या दशकात उभी राहिली. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये, तर लोकार्पण १९७६ मध्ये झाले. जल व भूमी व्यवस्थापन संस्था, अर्थात ‘वाल्मी’, औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे स्थापन झाली ती १९८० मध्ये. तोपर्यंत पाटबंधारे खात्यातील अभियंता मुख्यतः बांधकामात तरबेज होता; पाटकरी व मोजणीदार हे जुन्या माणसाच्या हाताखाली राहून काम शिकत. वाल्मीने अभियांत्रिकीच्या जोडीला कृषिशास्त्र व समाजशास्त्र आणले, हे तिचे खरे वेगळेपण. धरण बांधणे व पाणी वाटणे या दोन भिन्न विद्या आहेत, ही त्यामागील जाणीव होती.

शेजपाळी ते घनमापन : शेजपाळीत पाणी-अर्ज मंजूर झालेल्या शेतांना क्रमाने पाळी मिळते व आकारणी पीक आणि क्षेत्र पाहून होते. पाटकऱ्यास दारे केव्हा उघडावयाचे व केव्हा बंद करावयाचे, एवढे कळले तरी काम भागत असे. २००५ च्या ‘महाराष्ट्र सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन’ अधिनियमाने हा पायाच बदलला. पाणी वापर संस्थेस पाणी मोजून द्यावयाचे ठरले. आता चारीच्या मुखाशी असलेल्या प्रवाहमापकात पाण्याची उंची वाचणे, कोष्टकावरून विसर्ग काढणे व त्यास वेळेने गुणणे आवश्यक झाले. सेकंदाला ३० लिटर पाणी १२ तास वाहिले, तर १,२९६ घनमीटर भरते. मात्र सर्वसाधारण प्रवाहमापकात विसर्ग उंचीच्या दीडाव्या घाताप्रमाणे वाढतो. २० सेंटीमीटरऐवजी २२ वाचले गेले, तर हिशेबात सुमारे १५ टक्के पाणी अधिक लागते. पट्टीवर शेवाळ चढलेले असेल, तर एवढी चूक सहज होते. आणि तिचा भुर्दंड संस्थेच्या सभासदांवर पडतो. पुच्छ भागातील शेतकरी तर आधीच पाण्याच्या प्रतीक्षेत असतो.

या कायद्याची पूर्वतयारी शासकीय वर्गखोल्यांइतकीच शेतकऱ्यांच्या बैठकींतही झाली होती. नाशिक जिल्ह्यातील ओझर येथे बापूसाहेब उपाध्ये व समाज परिवर्तन केंद्राने १९९० च्या सुमारास वाघाड प्रकल्पावर पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पुढे इतर ठिकाणचे शेतकरी व अधिकारी तेथे शिकण्यास जाऊ लागले. शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण, हा क्रमच तेथे उलटला. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनने निवडक तालुक्यांतील गावकऱ्यांना पाणलोटाचे प्रशिक्षण दिले. त्यांत मराठवाड्यातील अंबाजोगाई तालुका होता. तथापि ते ज्ञान प्रामुख्याने पाणी अडविण्याचे होते. कालव्यातील पाणी वाटण्याचे प्रशिक्षण त्याने भरून निघणारे नव्हते.

प्रशिक्षणाचा ओघ अभियंता, कृषी अधिकारी, संस्थेचे पदाधिकारी असा वरून खाली येत गेला. ज्याच्या हाती प्रत्यक्ष दाराची चावी असते, तो शेवटी राहिला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. २००५ च्या अधिनियमानंतर तर हा माणूस शासकीय सेवक असेलच असेही नाही. अनेकदा तो संस्थेने मानधनावर नेमलेला गावातीलच तरुण असतो. अधिक मजुरीचे काम मिळताच तो शहर गाठतो आणि पट्टी वाचण्याचे कौशल्य त्याच्यासोबत जाते. पुढच्या आवर्तनास नवा माणूस दारावर उभा राहतो.